लहानपणापासून

पाथर्डी फाटा, नाशिक
१४ नोव्हेंबर २००६

प्रिय मावशीस,
तृप्तीचा नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. अनारसे सायलीने एकटीने संपवले. पोच द्यायला मी भाऊबीजेलाच पत्र लिहायला घेतलं होतं. ते अर्धं पत्र काल तांदळाच्या डब्यात सापडलं. तिथे कसं गेलं ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही.

आता मुद्द्याचं लिहिते, नाहीतर हेही राहून जाईल. दसऱ्यानंतर एका दुपारी मी दूध गॅसवर ठेवलं आणि कोथिंबीर आणायला खाली उतरले. सायली आत झोपली होती. सासूबाई गंगेवर गेल्या होत्या, ललित कंपनीत. दार ओढलं की लागतं, आणि किल्ली आतच. खाली गेल्यावर शिंपिणीकडे टाकलेला ब्लाउज आठवला, तशीच तिकडे गेले. घरी दूध आहे, गॅस आहे, पोर आहे, यातलं काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं. परत आले तर जिन्यात धूर आणि माणसं. खालच्या मजल्यावरच्या लंकाबाईंनी शेजाऱ्यांना घेऊन दार फोडलं होतं. सायलीला काही झालं नाही. ती लंकाबाईंच्या मांडीवर बसून मला म्हणाली, "आई, तू विसरलीस ना?" रागाने नाही म्हणाली गं. सवयीने म्हणाली. मला तेच जास्त लागलं.

तेव्हापासून घरात ठरलं आहे. ललितच्या बहिणीने, आशाताईंनी, पुण्याहून सांगितलं की सायलीला आमच्याकडे ठेवा. निकाल लागला की न्यायची आणि जूनपासून शाळा तिकडेच. सासूबाई हो म्हणाल्या. ललित काही म्हणाला नाही, म्हणजे तोही हो म्हणाला. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी कोणत्या तोंडाने नको म्हणणार होते?

मधल्या काळात सायलीच्या बाईंनी, पोरीचं वर्गात लक्ष नसतं म्हणून, कॉलेज रोडच्या डॉ. गायधनी बाईंकडे पाठवलं. त्या विचारत होत्या: वस्तू हरवते का, सुरू केलेलं अर्धं सोडते का, दुसऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत बोलते का. मी हो हो म्हणत गेले आणि मधेच माझ्या लक्षात आलं की मी सायलीचं सांगतच नाहीये. बाईंच्याही आलं असावं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आता तुमच्याबद्दल बोलू." एडीएचडी नावाचं काहीतरी असतं. लक्ष एका जागी टिकत नाही, माणूस कितीही शहाणा असला तरी. मोठ्यांनाही असतं, त्यावर औषध आहे. फक्त एक गोष्ट डॉक्टरांना पक्की करावी लागते. हे मोठेपणी अचानक येत नाही, लहानपणापासून असावं लागतं. ते सांगणारं कोणीतरी हवं.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची. तेव्हापासून लग्नापर्यंत मला पाहिलेली तूच एक. मी महेशदादाच्या दुकानाचा नंबर दिला आहे. मावशी, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटतंय की हा माझा आळस नसेलही. औषध लागू पडलं तर मेच्या आत घरात दाखवता येईल की पोर माझ्याजवळ राहू शकते.

ललितला वाटतं आम्ही सायलीसाठीच जातो. म्हणून उत्तर लंकाबाईंच्या पत्त्यावर टाक. आमच्याकडे फोन सासूबाईंच्या खाटेशी असतो आणि टपाल त्या उघडतात. त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्या आहेत.

तुझी,
तृप्ती


येवला
२३ नोव्हेंबर २००६

चि. तृप्तीस,
वत्सलामावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं. तुझ्या डॉक्टरीणबाईंचा फोन त्याच्या आधीच येऊन गेला. महेश दुकानातून हाक मारत आला, "आई, नाशिकहून कोण बाई बोलतीये." मी हातातली रेशमाची कांडी टाकून धावले. बाई गोड बोलत होती. मला म्हणाली, "तृप्ती लहानपणी कशी होती, जरा सांगाल का?"

मला वाटलं, सासरकडून चौकशी आली. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर कसली चौकशी ते कळेना, पण चौकशी ती चौकशी. मी म्हटलं, शांत मुलगी. टापटीप. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला लागायचं नाही. घरात आहे की नाही तेसुद्धा कळायचं नाही, अशी. बाई मधेमधे "नक्की?" म्हणत होती. जितकी ती नक्की म्हणे तितकी मी वाढवत गेले. पैठणी बघायला आलेली दोन गिऱ्हाइकं माना डोलवत होती. महेश खुणा करत होता, "आई, लय झालं." मी त्याला गप्प केलं. पोरीच्या चौकशीत हात आखडता घेऊन चालत नाही.

मग तुझं पत्र वाचलं. आधी चुटपुट लागली, नंतर वाटलं, झालं ते बरंच झालं. अगं, तुला कसला रोग? मी तुला धांदरट म्हणायचे ते लाडाने. दूध कोणाचं उतू जात नाही? मेंदूच्या डॉक्टरकडे नाव लागलं की पुसलं जात नाही. रात्री पाच बदाम भिजत घाल, सकाळी सोलून खा. सायलीलाही दे. आणि किल्ली कमरेला लाव, म्हणजे दाराचा प्रश्न मिटला.

तुझी मावशी,
वत्सला


नाशिक
११ डिसेंबर २००६

प्रिय मावशी,

बदाम भिजत घातले होते. तीन दिवसांनी वास यायला लागल्यावर आठवले. तू हसशील म्हणून लिहिलं, मला मात्र हसू येत नाही.

तू फोनवर माझं एवढं कौतुक केलंस की डॉक्टरबाईंना माझ्या बोलण्याची शंका आली. म्हणाल्या, लहानपणी काहीच नव्हतं असं मावशी सांगतात, तर मग हा काळजीचा आजार असावा. त्यांचं काही चुकलं नाही. तू सांगितलंस त्यावरून कोणीही तेच म्हणालं असतं. काळजीच्या गोळ्या दिल्या. त्यांनी मला दिवसभर गुंगी येते. परवा पोळी तव्यावर टाकून मी ओट्याला टेकले आणि डोळा लागला. सासूबाईंनी येऊन तवा उतरवला. आता मी स्वयंपाकघरात असले की त्या पाटावर येऊन बसतात आणि भाजी निवडण्याच्या निमित्ताने माझ्या हातांकडे बघतात. त्यांनी बघितलं की माझं आणखी चुकतं.

मावशी, मी शांत होते? महेशदादाच्या धाकट्या भावाला, वाळूला, घेऊन मला आठवडी बाजारात पाठवलं होतंस आणि मी मेथी घेऊन एकटीच परत आले होते. तो चपलांच्या दुकानात रडत बसला होता. शाळेत मी किती पाट्या हरवल्या? चौथीत बाई तुला बोलावून म्हणाल्या होत्या, हुशार आहे पण डोकं जाग्यावर नाही. तू रस्ताभर माझ्याशी बोलली नव्हतीस. हे सगळं तुला आठवतं. माझ्यापेक्षा तुझी आठवण चांगली आहे, निदान तेवढं तरी मी सिद्ध करू शकते.

एकदा फोन कर त्यांना. खरं काय ते सांग. एवढंच.

तृप्ती


येवला
२० डिसेंबर २००६

चि. तृप्तीस,
आशीर्वाद.

मी फोन करणार नाही. रागव हवं तर.

आपल्या गल्लीतल्या फकिराची भाची आठवते? चांदवडला दिली होती ती. तिला फिट यायची. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा तिथे एवढंच विचारलं, हे कधीपासून? तिच्या आईने भोळेपणाने सांगून टाकलं, लहानपणापासून. त्या एका शब्दावर पोर परत आली. लपवून दिली, फसवून दिली. आज ती भावजयीच्या घरी भांडी घासते आणि आई तोंड लपवून देवळात बसते.

तुझ्या डॉक्टरीणबाईंना नेमका तोच शब्द हवा आहे. तो मी बोलले की कागदावर येणार. कागद कधी ना कधी तुझ्या सासूबाईंच्या हातात पडणार, तूच म्हणतेस त्या सगळं उघडतात. मग त्या मला विचारतील, वत्सलाबाई, तुम्ही तर आमच्यासमोर बसून सांगितलं होतंत. त्यांनी तुला घराबाहेर काढलं तर तू कुठे जाशील? इथे महेशच्या बायकोच्या राज्यात माझंच कसंबसं चाललंय.

तुला आई नव्हती. नुसतं आई नाही म्हटलं तरी स्थळं परत जायची. त्यात धांदरट म्हटलं असतं तर तू अजून इथेच कांड्या भरत बसली असतीस. मी काय केलं ते मला माहीत आहे आणि मी तेच परत करीन. हा विषय आता पुरे.

वत्सला


नाशिक
१८ फेब्रुवारी २००७

प्रिय मावशी,

दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही चांगलं नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास सासूबाईंना माझ्या गोळ्या सापडल्या. तिळगुळाच्या डब्याशेजारी मीच ठेवून विसरले होते. संध्याकाळी ललित आल्यावर दोघांनी मला समोर बसवलं. आरडाओरडा नाही, काही नाही. ललित बुटांच्या नाड्याही न सोडता बसला होता. सासूबाईंनी विचारलं, "हे कधीपासून?"

मावशी, मला तुझी फकिराची भाची आठवली. मी म्हटलं, "सायली झाल्यापासून."

तुझं नाव वाचवायला बोलले. बोलल्यावर दोघांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते रागापेक्षा वाईट होतं. दोघांना सुटका झाल्यासारखं वाटलं. सासूबाई माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "मग बरोबर आहे. तुला पोरीचा भार झेपत नाही. ती पुण्याला गेली की तुला आराम पडेल, हळूहळू बरी होशील." आधी सायलीला माझ्यापासून वाचवायला पाठवणार होते. आता मला बरं करायला पाठवणार आहेत. आधी मी भांडू तरी शकले असते. आता ते सगळे माझ्याशी इतकं चांगलं वागतात की भांडायला जागाच उरली नाही.

सायलीने ऐकलं असावं. काल दप्तर भरताना मला म्हणाली, "मी पुण्याला गेले की तू विसरणार नाहीस ना काही?" पोरीला वाटतंय तिच्यामुळे मी अशी आहे. तिच्या वयात मला वाटायचं माझ्यामुळे आई गेली. तेव्हाही मला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी गुंगीच्या गोळ्या बंद केल्या. मी बाजाराचं, पाट्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मावशींशी परत बोलायला आवडेल. मी हो म्हटलं. तुला काय सांगायचं ते सांग, मी आता आग्रह करत नाही. २८ एप्रिलला निकाल आहे. दुसऱ्या दिवशी आशाताई न्यायला येणार आहेत.

तृप्ती


येवला
४ मार्च २००७

चि. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद.

तू सासूबाईंना जे सांगितलंस ते मी दोनदा वाचलं. सायलीचं तर वाचवेना. पण तू मला सांभाळून घेतलंस हे विसरणार नाही.

तुझ्या डॉक्टरीणबाईंचा परवा फोन आला. या वेळी मी सावध होते. तो शब्द त्यांनी मला दोनदा बोलायला लावायचा प्रयत्न केला, मी सापडले नाही. बाजाराचं विचारलं, मी म्हटलं पोरं हरवतातच. मग त्यांनी तो नाद सोडला आणि इकडचं तिकडचं बोलायला लागल्या. पैठणीला किती दिवस लागतात, मोर कसा विणतात. बाई तशी चांगली आहे. बोलता बोलता म्हणाल्या, "आणि तृप्ती अभ्यासाला बसायची?"

मी म्हटलं, बसायची म्हणजे? हलायची नाही. त्याचं श्रेय मात्र माझं. मग मी त्यांना आपल्या तारेचं सांगितलं. मी कांड्या भरत असायचे, तुझ्या मनगटाला रेशमाची एकेरी तार बांधायची आणि दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला. तू उठलीस, नुसती वळलीस तरी तार तुटणार. रेशीम वाया गेलेलं तुझ्या काकांना खपायचं नाही, म्हणून तू जपून बसायचीस. कधी हात उगारला नाही मी तुझ्यावर, एका तारेवर काम भागवलं. बाईंना फार आवडलं. "किती वर्षं बांधत होतात?" म्हणाल्या. मी म्हटलं, पहिलीपासून थेट दहावीपर्यंत. "रोज?" रोज. "आणि न बांधता?" मी म्हटलं, न बांधता ती पाच मिनिटंसुद्धा टिकली नसती. बाईंनी ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग माझे आभार मानले.

तेव्हा आता तुझ्या संस्कारांबद्दल त्यांच्या मनात शंका उरलेली नाही. सायलीलाही तार बांधून बघ. थोडं रेशीम पाकिटात घालते आहे.

तुझी मावशी,
वत्सला


नाशिक
१ एप्रिल २००७

प्रिय मावशी,

तुला कळलं नाही तू काय केलंस ते. डॉक्टरबाईंना तेवढंच हवं होतं. तो शब्द तू बोलली नाहीस, पण पहिलीपासून दहावीपर्यंत, रोज, आणि न बांधता पाच मिनिटंही नाही. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "आता मला शंका नाही." मी त्यांच्यासमोर खूप रडले. रोग निघाला म्हणून कोणी आनंदाने रडतं का, पण मी रडले.

गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले. शहरातल्या एकाच दुकानात मिळते. पहिल्यांदा नुसतं तोंड कोरडं पडलं आणि जेवणावरची वासना गेली, बाकी काही नाही. मला वाटलं आता हेही फुकट जाणार. मग एका सकाळी कुकर लावला आणि मला तिन्ही शिट्ट्या ऐकू आल्या. हसू नकोस. इतकी वर्षं मला पहिली ऐकू यायची, आणि नंतर एकदम जळाल्याचा वास. त्या दिवशी मी गॅस बंद केला, मग डाळ फोडणीला टाकली, मग ताट वाढलं. एकामागून एक. लोक असे जगतात हे मला माहीत नव्हतं. सगळं जागेवर आलेलं नाही. किल्ली अजून हरवते, संध्याकाळी डोकं परत भणभणतं. पण मधे काही तास मोकळे मिळतात.

ते तास मला कोणाला दाखवता येत नाहीत. गोळ्या मोहरीच्या डब्याच्या तळाशी आहेत. मी घरात लपूनछपून बरी होते आहे, आणि जितकी बरी दिसते तितक्या सासूबाई म्हणतात, बघ, पोरगी जायची ठरल्यापासून हिचं चित्त ठिकाणावर आलं. माझं बरं होणंही पोरीच्या जाण्याच्या खात्यावर पडतंय. परवा धीर करून म्हटलं, "मी आधीपासूनच अशी होते." त्या म्हणाल्या, "उगाच स्वतःला दोष लावून घेऊ नकोस. तुझ्या मावशींनी माझ्यासमोर सांगितलं होतं, मुलगी शांत, टापटीप. त्या कशाला खोटं बोलतील?" तुझा शब्द त्यांनी इतकी वर्षं नीट जपून ठेवला आहे.

तारेबद्दल एक सांगायचं राहिलं. मी अभ्यास करत नव्हते गं. पुस्तक समोर उघडं असायचं आणि मी तारेकडे बघत असायचे. तुटू नये, एवढंच डोक्यात. सगळं लक्ष त्यातच संपायचं, मग धड्यातलं काही कळायचं नाही, आणि तुला वाटायचं पोर किती मन लावून वाचते. आत्ताही या घरात मी तशीच बसलेली आहे. तू मायेने बांधायचीस हे मला माहीत आहे. रेशीम परत पाठवते आहे. सायलीला मी ते बांधणार नाही.

तुला काही कर म्हणत नाही. माझ्या हातात आता महिनाच उरला, एवढंच लिहिते.

तृप्ती


येवला
१२ एप्रिल २००७

चि. तृप्तीस,
आशीर्वाद.

हे पत्र लंकाबाईंच्या नाही, तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकते आहे. पोस्टातल्या माणसाकडून पत्ता दोनदा तपासून घेतला. म्हणजे ते आधी कोण उघडणार ते मला माहीत आहे.

तेव्हा विहीणबाई, उघडलंच आहे तर बसून वाचा.

तृप्ती अशी सायली झाल्यापासून नाही. लहानपणापासून आहे. हा शब्द मी दोन वेळा डॉक्टरीणबाईंपुढे गिळला, आज तुमच्यापुढे लिहिते. तिने तुम्हाला जे सांगितलं ते मला वाचवायला सांगितलं. नातीचा काही दोष नाही. ती पुण्याला गेली तरी तिची आई अशीच राहील, वर झुरेल ते वेगळं. तिला एडीएचडी नावाचा आजार आहे, त्यावरचं औषध ती महिनाभर चोरून घेते आहे आणि तिला फरक पडतो आहे. तुम्हाला जो फरक दिसला तो औषधाचा.

तुम्ही मला म्हणाला होतात, मुलगी टापटीप आहे ना? मी म्हटलं, घर बघा की. ते घर मी रात्रभर आवरलं होतं. आणि तुम्ही म्हणाला होतात, मुलगी किती स्थिर बसते. विहीणबाई, त्या दिवशीही तिच्या बांगड्यांत रेशमाची तार होती. दुसरं टोक पडद्याआड माझ्या बोटाला होतं. पोह्यांची बशी तुमच्यापुढे करताना तिने हात अर्ध्यातच थांबवला, तो लाजेने नाही, तार तुटेल म्हणून. तुम्ही गेल्यावर तिने मला तार दाखवली. तुटली नव्हती.

फसवलं म्हणायचं असेल तर मला म्हणा, मी तुम्हाला उत्तर द्यायला बांधलेली आहे. ती नाही. तिला माघारी पाठवायची असेल तर पाठवा, मी दारात उभी राहीन, सुनेचं काय ते मी बघून घेईन. पण लेकरू आईपासून तोडू नका. एका पोरीला आईवाचून वाढवलं आहे मी. कितीही केलं तरी ते पुरं पडत नाही.

तृप्ती, बाळा, तार मी चुलीत घातली. रेशीम जळताना केसांसारखा वास येतो, महेश धावत आला, म्हणाला, "आई, काय जळतंय?" मी म्हटलं, काय नाय, जुनं हाय.

तुझी मावशी,
वत्सला


पाथर्डी फाटा, नाशिक
१९ एप्रिल २००७

श्रीमती वत्सलाबाई यांस,
सिंधुबाईचा नमस्कार.

आपले पत्र मिळाले. ते माझ्या नावाचे नव्हते, तरी मी उघडले. आपण तसे गृहीत धरले होते याचा मला राग आला, आणि ते खरे निघाले याचा अधिक.

आपण आम्हाला फसवलेत. मी शाळेत असताना खोटे बोलणाऱ्या मुलाला क्षमा करत असे, त्याच्या पालकांना कधी नाही. आपण इतक्यात या घरी येऊ नये. तृप्तीलाही मी एवढ्यात येवल्याला पाठवणार नाही.

ललितला पत्र वाचून दाखवले. तो कामावर न जाता तृप्तीबरोबर डॉक्टरांकडे गेला आणि परत आल्यावर त्यानेच आशाला फोन केला. सायली कोठेही जाणार नाही. तिला मी सांगितले आहे की आईच्या विसरण्याशी तिचा संबंध नाही. तिने मला तीन वेळा विचारले, नक्की का. मी तिन्ही वेळा नक्की म्हणाले.

गोळ्या मोहरीच्या डब्यातून काढून मी माझ्या कपाटात ठेवल्या आहेत. रोज सकाळी मी स्वतः देते. मी उभी असताना ती गोळी घेते आणि पेला खाली ठेवून माझ्याकडे बघते, आता जाऊ का अशा नजरेने. ते मला आवडत नाही, पण कपाट उघडे ठेवण्याचा धीर मला अजून होत नाही. आपले पत्र मी तिला अजून दिलेले नाही. तेही त्याच कपाटात आहे.

त्या दिवशी पोहे घेताना मला तिच्या बांगडीत काहीतरी चमकताना दिसले होते. मला वाटले, जरीचा धागा अडकला असेल. मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

एक काम आहे, म्हणून हे पत्र. गोळीने तिची भूक गेली आहे. ताटात वाढलेले तसेच राहते. विचारले तर काहीही चालेल म्हणते. दहा वर्षे ती माझ्या हाताखाली स्वयंपाक करते आहे, पण तिला स्वतःला काय आवडते हे मला सांगता येत नाही. लहानपणापासून तिला काय आवडते ते कळवावे.

या वेळी खरे लिहावे.

सिंधुबाई